मोलकरणीची भूमिका

अमेरिकेत हर्नडनला आमच्या खालच्या मजल्यावर एल साल्वादोरची एक बाई राहायची. दातांच्या दवाखान्यात कामाला होती, पण आमच्या तिथल्या मराठी मंडळींच्या लेखी ती मेक्सिकनच. शनिवारी दुपारी आम्ही दोघी तिच्याकडे टीव्ही बघायचो. त्यांच्यातलाच एखादा विनोदवीर आईच्या चपलेचे किस्से सांगायला लागला की ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. मीही हसायचे, कारण नागपूरला माझ्या आईचाही नेम कधी चुकला नाही. पण एखाद्या मालिकेत तिच्यासारखी दिसणारी मोलकरीण धडपडायला लागली आणि मागून रेकॉर्ड केलेलं हसू वाजलं, की ती उठून कप विसळायला जायची. टीव्हीवर तिच्यासारखी बाई दुसरं काही करतच नसे. मला भयंकर राग यायचा.

त्या वर्षी तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत प्रहसन बसवलं. कॉलेजात नाटकं केलेली, म्हणून मला भूमिका मिळाली ती मेक्सिकन मोलकरणीची. तोंड वेडंवाकडं करून बोलायचं, फुलदाणी फोडायची, मालकीण ओरडली की टेबलाखाली लपायचं. मी तालमीत सांगून टाकलं, खालच्या मजल्यावरची माझी मैत्रीण बघायला येणार आहे, तिच्यासमोर हे असलं करणार नाही. मंडळाचे अध्यक्ष असलेले काका समजुतीने म्हणाले, "अगं, कॉमेडी आहे ही. टीव्हीवर नाही का दाखवत? फार तर प्रोग्राम संपल्यावर तिला डायरेक्ट जेवायला बोलव."

माझं डोकंच फिरलं. भूमिका सोडली असती तर दुसऱ्या कुणीतरी तेच केलं असतं. म्हणून सोडली नाही. मैत्रिणीला नेऊन पहिल्या रांगेत बसवलं.

मी अ‍ॅप्रन बांधून आले तेव्हा तिचा चेहरा पडलेला स्टेजवरूनही दिसला. मी फुलदाणी पुसली आणि जागेवर ठेवली. मालकीण ठरल्याप्रमाणे ओरडली. मी कमरेवर हात ठेवून सरळ मराठीत म्हणाले, "बाई, आधी नीट बोलायला शिका." हॉल हसला, आणि मालकिणीलाच हसला. मैत्रिणीला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण कोण कुणाला हसतंय हे कळायला भाषा लागत नाही. ती टाळ्या वाजवत हसत होती.

पडदा पडताच काका लालबुंद होऊन विंगेत आले. "सगळ्या नाटकाची वाट लावलीस तू."

"हो काका," मी म्हणाले, "लावली."