गद्रे काकूंचे चिंचोके

गद्रे काकू कुठलीही बेरीज तीनदा करत. एकदा डोळ्यांनी, एकदा बोटांच्या पेरांवर आणि एकदा मान वर करून, पंख्याकडे बघत. वाण्याची चिठ्ठी असो, दुधाचा महिना असो की गणपतीची वर्गणी, तीनदा म्हणजे तीनदा. एकदा भाजीवाल्याने चुकून दीड रुपया कमी घेतला, तर काकू भर जूनमध्ये, दुपारी दोनच्या उन्हात, डोक्यावर ओला टॉवेल टाकून तो परत द्यायला गेल्या. भाजीवाला गाडीखाली झोपला होता. त्याला उठवून त्यांनी सगळा हिशोब समजावून सांगितला. "रहने दो ना मांजी," तो म्हणाला. "रहने कैसे दूँ भैया? मेरे को फिर चैन नहीं पड़ता," काकू म्हणाल्या आणि दीड रुपया त्याच्या तराजूत ठेवून आल्या.

हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं यावाचून कळणार नाही.

आम्ही दिल्लीत, मयूर विहारमध्ये एका सहकारी सोसायटीत भाड्याने राहत होतो आणि काकू आमच्या वरच्या मजल्यावर, स्वतःच्या फ्लॅटमध्ये. त्या एका सरकारी खात्यात प्रोग्रामर होत्या. कॉम्प्युटरवर बाई काम करते याचं आमच्या सोसायटीला इतकं नवल होतं की पंखा बंद पडला तरी लोक काकूंना बोलवायचे. सगळी मुलं आसपासच्या सगळ्या बायकांना आंटी म्हणत. काकूंना ते चालत नसे. "मी काकू आहे, आंटी शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहते," असं त्या म्हणत. माझी मैत्रीण रितू, पक्की पंजाबी, तिने यातून वाट काढली. ती त्यांना 'काकू आंटी' म्हणायची.

त्यांच्या बंद केलेल्या बाल्कनीत एक जुना कॉम्प्युटर होता. ऑफिसने लिलावात काढलेला, काकूंनी विकत घेतलेला. क्रोशाचं आवरण घातलेला तो डबा उघडला की आत हिरव्या अक्षरांचा काळा पडदा दिसे. चिंचोके त्याच पडद्यावर जन्माला आले.

त्याला कारण एक वाढदिवस झाला. सोसायटीत तेव्हा पैसा दिसायला लागला होता. काहींच्या दारात नव्या गाड्या आल्या, काहींच्या पायात परदेशी नावांचे बूट. आमच्याकडे माझ्या बाबांची सायकल होती. त्या वाढदिवसाला मी कंपासपेटी नेली होती. ज्याचा वाढदिवस होता त्याने तिच्यावरची किमतीची चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि सगळे हसले. मीही हसले, असं मला आठवतं. काकू दारात समोशांचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. आठवड्याभराने त्यांनी सोसायटीतल्या सतरा मुलांना बाल्कनीत बोलावलं.

"मुलांना वेगळा पैसा हवा," त्या म्हणाल्या. "मोठ्यांचा पैसा तुमच्या हातात येतो तेव्हा तो आधीच वापरून मळलेला असतो." मग त्यांनी प्रत्येकाच्या हातावर एकेक तपकिरी, गुळगुळीत बी ठेवली. दिल्लीत वाढलेली आम्ही मराठी मुलंसुद्धा ती ओळखू शकलो नाही. रितूने तिची चावून पाहिली, तेव्हा काकूंनी सांगितलं, "चिंचोका आहे तो, चिंचेची बी. आम्ही यावर सारीपाट खेळायचो. हा एक नमुन्याला. बाकीचे सगळे या डब्यात राहतील."

काकूंनी घातलेले नियम थोडे होते. दर महिन्याला प्रत्येकाच्या खात्यात दहा चिंचोके आपोआप यायचे, श्रीमंताच्या आणि गरिबाच्या, सारखेच. बाकीचे एकमेकांकडून मिळवायचे. सायकलची एक फेरी दोन चिंचोके, गणित समजावणं तीन, कुणाच्या धाकट्या भावाला शाळेच्या बसपर्यंत पोचवणं एक. चिंचोका वर्षभरात वापरला नाही तर किडणार आणि खात्यातून जाणार, म्हणजे कुणी साठवून शेठ होऊ नये. आणि प्रत्येकाचा पासवर्ड ज्याचा त्यालाच ठाऊक. कुणाकडे किती आहेत हे काकूंनाही दिसत नसे. त्यांनी प्रोग्रामच तसा लिहिला होता. एक बटण दाबलं की सगळ्यांचे मिळून किती, एवढंच त्यांना दिसे आणि दर रविवारी तो आकडा त्या दाराबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहीत. "मुलांच्या खिशात मोठ्यांनी डोकवायचं नाही," त्या म्हणत. "मुलं डोकावतात का तुमच्या?"

एकदा सोसायटीचे सेक्रेटरी स्वतः वर आले. मुलगा रडत होता, त्याच्याकडचे चिंचोके संपले होते. त्यांनी टेबलावर शंभराची नोट ठेवली. "बहनजी, बच्चे के खाते में पचास डाल दीजिए ना, बात ख़तम." काकूंनी ती नोट उलटसुलट करून पाहिली आणि परत केली. "भाईसाहब, ये अपने यहाँ चलती नहीं. उसको बोलो, नीचे मीनल को साइकिल सिखाए. दो मिलेंगे." मीनल म्हणजे मी. सेक्रेटरींच्या मुलाने मला सायकल शिकवली. पडले तेव्हा तो घाबरला आणि त्याने एक चिंचोका परत दिला.

मला चिंचोके साठवायचे होते. काकूंनी स्वतःच्या नावाने यादीत एकच गोष्ट ठेवली होती: 'उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज एक तास कॉम्प्युटर शिकवणे, तीनशे चिंचोके, जागा एक.' जो आधी तीनशेला पोचेल त्याची. तेव्हा मार्केटमध्ये कॉम्प्युटर क्लासचे बोर्ड दिसू लागले होते आणि त्यांची फी आमच्या घरभाड्याच्या जवळपास होती. घरी मी विचारलंसुद्धा नाही. मी लोकांची गणितं सोडवली, वह्या भरल्या, धाकटी भावंडं बसवर सोडली. मला डब्यासमोरची ती खुर्ची हवी होती. त्याआधी मला कुठलीच गोष्ट इतकी हवीशी वाटली नव्हती आणि नंतरही वाटली नाही.

मग दोन हजार साल आलं. त्या काळी सगळ्या कॉम्प्युटरना एकच काळजी होती. साल लिहायला दोनच आकडे असल्यामुळे नव्व्याण्णवनंतर शून्य शून्य आलं की यंत्रांना वाटणार, काळ मागे गेला. काकू दोन वर्षं ऑफिसात हेच दुरुस्त करत होत्या, एकेक ओळ तीनदा तपासून. एकतीस डिसेंबरला त्यांची तिथेच ड्युटी होती. एक तारखेला सकाळी आम्ही मुलं वर गेलो, गद्रे काकांनी दार उघडलं आणि आम्हीच डबा सुरू केला. सतराच्या सतरा खाती शून्य झाली होती. ऑफिसातली प्रत्येक ओळ सुधारणाऱ्या काकूंनी स्वतःच्या घरच्या डब्यात साल दोनच आकड्यांत लिहिलं होतं. प्रोग्रामला तारखांचा मेळ लागेना, त्याने सगळे चिंचोके किडके ठरवून पुसून टाकले आणि सुरू होताना रोज करायचा तसा फ्लॉपीवरच्या प्रतीतही तेच शून्य उतरवून ठेवलं.

काकू दुपारी आल्या. ऑफिसात सगळं सुरळीत झालं होतं, त्यांना पेढे मिळाले होते. पेढ्यांचा पुडा हातात धरूनच त्या पडद्यासमोर बसल्या. मग म्हणाल्या, "चूक माझी आहे. एकेक जण आत या. किती होते ते सांगा, तेवढे परत लिहिते."

"और कोई झूठ बोले तो?" सेक्रेटरींच्या मुलाने विचारलं.

"तो बोले," काकू म्हणाल्या. "डब्बा तो मान लेगा."

रितू माझ्या आधी आत गेली आणि बाहेर येऊन माझ्या कानात म्हणाली, "दो सौ सत्तर थे, वही बोल दिए यार." मला माझा आकडा माहीत होता. तो त्याहून बराच कमी होता. आत जाईपर्यंत माझ्या मनात काहीही नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. काकूंच्या अंगावर ऑफिसची चुरगळलेली साडी होती, डोळे लाल झाले होते. "किती होते गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तीनशे." त्यांनी तीन, शून्य, शून्य अशी तीन बटणं दाबली. वर पाहिलं नाही. मला पुड्यातला पेढा दिला.

फळ्याची आठवण मला जिन्यात झाली. रविवारचा एकूण आकडा तिथे होताच, एक हजार आठशे साठ. काकू आता सतरा आकड्यांची बेरीज बघणार, ती जास्त भरणार, आणि काकू तीनदा तपासणार. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सकाळपासून आजारी असल्याचं सोंग करून पडून राहिले. संध्याकाळी रितूच माझा हात धरून मला वर घेऊन गेली. फळ्यावर लिहिलं होतं: 'एकूण १८६०. बेरीज जुळली.'

ते खरं असू शकत नव्हतं, आणि काकू खोटं लिहीत नसत. म्हणजे कुणीतरी स्वतःचे कमी सांगितले असणार, असं मी धरून चालले आणि पुढे कित्येक वर्षं मी त्या सोळा जणांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यानंतर काकूंनी फळ्यावर आकडा लिहिणं बंद केलं. परीक्षा जवळ आल्या होत्या, कुणाच्या लक्षात आलं नाही.

खुर्ची मला मिळाली. "चलो अच्छा है," रितू म्हणाली, "तू सीख ले, फिर मुझे सिखा देना." मी तिला कधी शिकवलं नाही. त्या उन्हाळ्यात रोज चार ते पाच काकू माझ्याशेजारी स्टुलावर बसत. "कॉम्प्युटर मूर्ख असतो," त्या म्हणत. "जे सांगशील ते खरं मानतो. म्हणून त्याला फसवणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात वाईट." मी मान हलवत असे. आतून मला काहीच होत नसे. तेव्हापासून ते तसंच आहे. अंगाखाली दबलेला हात जसा आपलाच असून आपला वाटत नाही, तसं.

पुढे मी प्रोग्रामर झाले. दोन वर्षांपूर्वी गुडगावच्या आमच्या कंपनीने मुलांसाठी डिजिटल नाणं काढायचं ठरवलं. त्या टीमची प्रमुख मी आहे. पहिल्याच मीटिंगमध्ये भिंतीवर यादी झळकली: मुलाचा प्रत्येक व्यवहार आईवडिलांना त्याच क्षणी दिसेल, आईवडील हवं तेव्हा रक्कम घालू किंवा काढू शकतील. "एनी ऑब्जेक्शन्स?" साहेबांनी विचारलं. मला काकू आठवल्या. मी काही बोलले नाही. यादी मंजूर झाली.

त्या शनिवारी मेट्रोने मयूर विहारला गेले. गद्रे काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. काकू आजारी होत्या, पलंग बाल्कनीतच हलवला होता, जिथे डबा असायचा तिथे. हाताशी औषधांच्या पट्ट्या होत्या आणि त्या गोळ्या मोजत होत्या. डोळ्यांनी, पेरांवर, मग पंख्याकडे बघून. मी तीनही वेळा थांबले. मग नव्या नाण्याचं सांगितलं, यादीचंही सांगितलं. त्या ऐकून म्हणाल्या, "म्हणजे मोठ्यांचाच पैसा. रंग वेगळा."

मग मी विचारलं, "काकू, दोन हजार साली ती बेरीज कशी जुळली होती?"

"कुठली?"

"फळ्यावरची. चिंचोक्यांची."

"ती होय," काकू म्हणाल्या. "मी केलीच नव्हती गं."

त्यांनी मोजलेल्या गोळ्या डबीत टाकल्या.

"बटण दाबलंच नाही. जुनाच आकडा पुन्हा लिहिला. जुळली नसती तर कोण ते शोधावं लागलं असतं. आणि मी शोधलं असतं तर सापडलं असतं." त्यांनी गोळ्यांची डबी बंद केली. "चूक माझी होती. तिच्यापायी एखादं मूल चोर ठरलं असतं. ते मला नको होतं."

"काकू, माझे त्या दिवशी..."

त्यांनी हात वर केला. हाताला सुईचे निळे डाग होते. "आकडा सांगू नकोस. तो पासवर्डच्या आतला आहे. मोठ्यांनी डोकवायचं नाही."

"मी आता मोठी झाले आहे."

"तू झालीस. पण आकडा बारा वर्षांच्या मुलीचा आहे."

मग त्यांनी मला चहा करायला सांगितला. मी केला. आम्ही दोघींनी प्यायला आणि मी सहाच्या मेट्रोने परत आले. वाटेत रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

तीन आठवड्यांनी त्या गेल्याचा निरोप फोनवर आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. फोन उलटा ठेवला आणि पुढचं पान दाखवलं. घाटावर गेले, सगळ्यांसारखी उभी राहिले, घरी येऊन अंघोळ केली. रितू आता कॅनडात असते, तिचा दिवाळीला निरोप येतो. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. नाणं पुढच्या महिन्यात बाजारात येईल, यादीत आहे तसंच.

काकूंनी जो आकडा ऐकून घेतला नाही तो आजवर मी कुणालाच सांगितलेला नाही. काकू आता डोकावू शकत नाहीत, म्हणून इथे लिहिते. माझे दोनशे बारा होते.