बाहेर म्हटलेला चेंडू

शारजाच्या विमानतळाबाहेर आले तेव्हा हवेत बारीक धूळ होती आणि दुपारचा सूर्य फिका, पिवळट दिसत होता. धाकटी बहीण वर्षा न्यायला आली होती. ती आणि तिचे यजमान वीस वर्षं अजमानला राहतात. बहिणीकडे चालले आहे असंच मी पुण्यात सगळ्यांना सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण तारखा मी ठरवल्या होत्या दुबईतल्या एका छोट्या महिला टेनिस स्पर्धेवरून. पात्रता फेरीच्या यादीत साचिको या जपानी खेळाडूचं नाव होतं.

संध्याकाळी वर्षा मला समुद्रावर घेऊन गेली. पाणी राखाडी होतं आणि लाटा जवळजवळ नव्हत्याच. गाडीतच बसून आम्ही कडक चहा घेतला (तिकडे त्याला ‘करक’ म्हणतात, दूध, साखर आणि वेलची घालून आटवलेला). तिथे मी तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं.

बँकेत असताना सुट्टीच्या दिवशी मी टेनिसच्या सामन्यांत रेषापंच म्हणून उभी राहायचे. चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, एवढंच सांगायचं. अकरा वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका उपांत्य सामन्यात साचिको खेळत होती. एकोणीस वर्षांची, ओसाकाजवळच्या गावातली मुलगी. तिचा फोरहँड थेट मागच्या रेषेला चाटून जायचा. तिसऱ्या सेटमध्ये मॅचपॉइंट तिचा होता. तिने चेंडू मारला आणि मी ‘आउट’ ओरडले. शब्द तोंडातून निघताक्षणीच कळलं, चेंडू आत होता. चूक झाली तर रेषापंचाला लगेच हात वर करून निर्णय फिरवता येतो. पण त्या सकाळी मी एक निर्णय फिरवला होता आणि मुख्य पंचांनी मला चारचौघांत सुनावलं होतं. खुर्चीवरच्या पंचांनी माझ्याकडे पाहिलं. मी ‘आउट’च्या खुणेचा आडवा हात तसाच धरून ठेवला. अर्ध्या तासाने साचिको हरली.

तेव्हापासून मी तिचे निकाल बघत आले. दोनदा ती मोठ्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत पोचली आणि दोन्हीदा पहिल्याच सामन्यात हरली. मग मनगटाचं ऑपरेशन, दोन वर्षं काहीच नाही. परत आली ती लहान लहान गावांतल्या स्पर्धांत.

वर्षा म्हणाली, “ताई, अकरा वर्षं झाली. खलास (संपलं). तिला आठवतही नसेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्षाच्या ओळखीचे टॅक्सीवाले, मूळचे श्रीवर्धनचे इस्माईलभाई, यांच्या गाडीतून दुबईला निघाले. शारजा ओलांडायलाच तासभर लागला. तुमची मुलगी खेळते का, असं त्यांनी विचारलं. ओळखीची आहे, म्हटलं. “जिंकेल, इन्शाल्ला,” ते म्हणाले. पुढे ते गावच्या सुपारीबद्दल बोलत राहिले. माझं लक्ष नव्हतं.

कोर्टाभोवती वीस-पंचवीस माणसं असतील. रेषांवर कुणीच उभं नव्हतं. कॅमेरे होते आणि यंत्रातून एका बाईचा आवाज ‘आउट’ म्हणत होता. साचिकोच्या मनगटाला जाड पट्टी होती. तिचे चेंडू रेषेच्या पुष्कळ आत, कोर्टाच्या मध्यावर पडत होते आणि समोरची सतरा-अठरा वर्षांची मुलगी पुढे येऊन ते सहज मारत होती. तासाभरात सामना संपला.

कोर्टामागच्या सावलीत ती एकटीच पट्टी सोडत बसली होती. मी जवळ गेले, नाव सांगितलं, पुण्याची आहे म्हटलं. इंग्रजी आम्हा दोघींचंही जेमतेम. ही शेवटची स्पर्धा, ती म्हणाली. मग मी सांगून टाकलं, की त्या दिवशी त्या रेषेवर मी होते आणि तिचा चेंडू आत होता.

ती पट्टी गुंडाळत राहिली. मग हळूहळू बोलू लागली. त्या सामन्याला तिचे वडील आले होते. तेच तिचे प्रशिक्षक. चेंडू चांगला वीतभर बाहेर होता, मी डोळ्यांनी पाहिलं, असं त्यांनी तिला सांगितलं. कुणाला दोष द्यायचा नाही. घरी गेल्यावर त्यांनी रेषेच्या मीटरभर आत दोरी टाकली आणि चार वर्षं तिच्याकडून दोरीच्या आतच चेंडू मारून घेतले. चेंडू आखूड पडावा म्हणून मनगट जास्त वळवावं लागे. तेच मनगट गेलं. दोन वर्षांपूर्वी वडीलही गेले.

“किती आत होता?” तिने विचारलं.

मी दोन बोटं जोडून दाखवली. तिने आपली दोन बोटं त्यांना लावून पाहिली.

“बाबा कुठे बसले होते, आठवतं?”

आठवत होतं. प्रत्येक गुणानंतर ती ज्यांच्याकडे बघायची ते गृहस्थ माझ्या बरोब्बर मागे, त्याच रेषेत बसले होते. संध्याकाळचं ऊन आमच्या पाठीवर होतं. मला दिसलं ते त्यांनाही दिसलं असणार.

“ऊन डोळ्यांवर येत होतं,” मी म्हणाले. “त्यांना नीट दिसलं नसेल.”

तिने मान खाली घालून आभार मानले, बॅग खांद्यावर घेतली आणि गेली. तिला पटलं की नाही, कळलं नाही.

पुढचे चार दिवस मी अजमानलाच राहिले. वर्षाने आग्रह केला तरी कुठे गेले नाही. विमानतळावर सोडताना तिने विचारलं, “बोललीस ना तिच्याशी? सुटलीस ना आता?” मी तिला जवळ घेतलं आणि आत गेले.

पुण्याला येऊन दोन महिने झाले. पहिल्यांदा खोटं बोलले ते स्वतःच्या भीतीपोटी. दुसऱ्यांदा तिच्यासाठी बोलले, असं मी मनाला सांगते. पण तिने आयुष्यातली अकरा वर्षं एका खोट्यावर घालवली होती आणि मी तिच्या हातात दुसरं ठेवून आले. खरं सांगायला गेले होते, अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं, ऊन आमच्या पाठीवर होतं हे, तिला कळवण्याचं धाडस अजून होत नाही, म्हणून इथे लिहिलं आहे.