स्टुलावरून पडलेला खांदा

आमच्या लालबागच्या चाळीत माझ्या उजव्या खांद्याला जेवढा मान मिळाला, तेवढा मला कधीच मिळाला नाही. आजही आठवलं की डोकं फिरतं.

झालं होतं एवढंच, की दिवाळीचा कंदील माळ्यावर ठेवताना मी स्टुलावरून पडलो. नेमका त्याच दिवशी शहरात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला. परळच्या इस्पितळात खांदा उघडून हाड जुळवलं. हात झोळीत घालून चाळीत शिरलो, तर जिन्यात बायका आरती घेऊन उभ्या!

"अहो, मी स्टुलावरून पडलो!" मी ओरडलो.

"बरोबर. स्टुलावरूनच," शेजारी डोळा मिचकावून म्हणाला. "पोलिसांनी विचारलं तर आम्हीपण तेच सांगू."

पलीकडच्या चाळीतला एक तरणा मुलगा त्या दिवशी खरंच गोळी लागून गेला होता. त्याची आई नळावर दिसली की मला तोंड लपवावंसं वाटे. आणि ही माणसं मला त्याच्या पंक्तीला बसवत होती!

इस्पितळातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "झोळी सुटली की हात हलवायचा. व्रणावर तेल चोळायचं, भिंतीवर बोटं चढवत न्यायची. आळस केलात तर खांदा धरेल, मग रडू नका." मी गिरणीत तेलवाला. शिडीवर उभं राहून छताखालच्या फिरत्या दांड्यांना तेल घालायचं. हात डोक्यावर गेला नाही, तर माझी जागा बदली कामगाराला.

पण चाळ हलवू देईल तर ना! गॅलरीच्या भिंतीवर बोटं चढवायला लागलो की कुणीतरी धावत येई. "काय काढायचंय? आम्ही देतो ना!" कळशी उचलू देत नसत. चहासुद्धा तोंडाला लावत. कोपऱ्यातली मालवणची म्हातारी तर हातच दाबून धरायची, "गप बस रे झिला, म्हाराष्ट्रासाठी मोडलंस ना हात!"

व्रण सुंभासारखा कडक झाला. हात कानापर्यंत जाईना, भांग बायको पाडू लागली. तेव्हा मात्र तिचंही टाळकं सरकलं. माझा सदरा तिने गॅलरीतल्या दोरीवर टाकला.

"काढलात तर घालाल."

दोरी जरा सैल पडली म्हणजे बायको ती वर ओढून बांधायची. मी उघडाबंब, भिंतीला चिकटलेल्या पालीसारखा, अख्ख्या चाळीला शिव्या घालत बोटं वर सरकवायचो. शेजारी मदतीला आला, तर तिने लाटणं दाखवलं. "हात लावा, मग तुम्हीपण स्टुलावरून पडाल."

सदरा हाताला लागू लागला तसा मी गिरणीत गेलो. जॉबर, म्हणजे आमच्या खात्याचा मुकादम, मला बघून उठून उभा राहिला. जन्मात कधी उठला नव्हता!

"तुम्ही आता शिडी चढायची नाही. खाली आरामात बसा. तेलाचं बदलीवाला बघेल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हा मान किती दिवसांचा? महाराष्ट्र मिळाला की लोक विसरणार, आणि बसून राहिलेला माणूस पहिला घरी जाणार. मी तेलाची झारी उचलली आणि सरळ शिडी चढलो. खांदा करकरला, डोळ्यांत पाणी आलं, पण हात दांडीपर्यंत पोचला.

"खाली उतर, गाढवा!" जॉबर ओरडला. किती दिवसांनी कुणीतरी माझ्याशी नीट बोललं!

तेलाची धार तेवढी त्याच्या टोपीवर पडली. हात थरथरला म्हणून पडली, मुद्दाम नाही. हेही घरात कुणाला पटत नाही.