कॅलेंडरमागचं पान
फेब्रुवारी लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी कसला ना कसला 'डे' उगवतो. गुलाबाचा, चॉकलेटचा, मिठीचा. आज पिझ्झाचा होता. मला मात्र फेब्रुवारी म्हटलं की आठवतात समोरच्या काकू. पाचूबंदरच्या कोळी घरातल्या, ख्रिस्ती. अशाच एका फेब्रुवारीत त्या दारात येऊन म्हणाल्या, "गेल्या साली दिलेलं झावळीचं पान हाय ना? परत द्या." झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणून त्यांनीच दिलेलं ते पान आम्ही कॅलेंडरमागे खोचलं होतं. सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "दिलेलं कोणी परत मागतं का? तेही वाळकं, वर्षभर आपल्या घरात राहिलेलं? करणीबिरणी असणार!" मलाही ते विचित्रच वाटलं, पण नाही म्हणवेना. पान दिलं आणि दाराच्या फटीतून बघत राहिले. काकूंच्या पिशवीत तसली आणखी पानं होती! संध्याकाळी सासूबाईंनी सगळ्यांवरून मीठमोहऱ्या उतरवल्या. बुधवारी काकू पुन्हा आल्या, कपाळावर राखेचा क्रूस. "आज आमचा राखेचा बुधवार. घराघरातली जुनी पानं आनून त्याचीच ही राख करतात. तुमचं पन हाय यात." सासूबाई त्यांच्या कपाळाकडे बघतच राहिल्या. आता काकू लेकाकडे राहायला गेल्यात, म्हणून त्यांनी जाताना दिलेलं पान घेऊन आज मीच चर्चमध्ये गेले. तिथं पानं गोळा करणाऱ्या बाईंनी आधी माझ्या कुंकवाकडे पाहिलं, मग पानाकडे. "हे तुमच्याकडं कसं आलं?" त्यांनी विचारलं, अगदी सासूबाईंच्या आवाजात.