वजनाच्या दिवशी पाणी बंद

आमच्या तळवलीत कबड्डीवर मत नसलेला माणूस सापडणं कठीण. बिल्डिंगींच्या मधे उरलेल्या मैदानावर पोरींचा सराव सुरू झाला की कठड्यावर बसलेल्या प्रत्येकाला कोच व्हायची घाई. एकाचं दुसऱ्याशी पटायचं नाही, पण एका गोष्टीवर सगळे ठाम. वजनाच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद.

वजनाचं असं की, कुमारी गटात खेळायचं तर वय बसावं लागतं तसं वजनही. सामन्याच्या सकाळी काट्यावर उभं राहायचं, आकडा जरा पुढे गेला की पोरगी बाहेर. म्हणून आमच्याकडे पोरी भर उन्हाळ्यात स्वेटर घालून धावतात, जेवण सोडतात आणि शेवटी पाणीही. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मला वाटायचं, आणि मी ते तोंडावर बोलायचे. त्यामुळे मैदानावर माझं फारसं स्वागत होत नसे.

माझी धाकटी बहीण चढाया करायची. जिल्ह्याच्या संघाची निवड स्पर्धा होती तेव्हा तिचं त्या गटातलं शेवटचं वर्ष होतं. वडिलांनी सांगून टाकलं होतं, निवड झाली तर खेळ, नाहीतर कोपरखैरण्याला कपड्यांच्या दुकानात काम बघितलंय, तिकडे लाग. ती एका शब्दाने भांडली नाही. तिला खात्री होती.

स्पर्धेच्या सकाळी ती वजनात बसली. मी लगेच मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी पुढे केलं, तर कोचने बाटली मधेच अडवली. कोच म्हणजे आमचे सख्खे मामा, तरुणपणी मैदान गाजवलेले.

"नको. फायनलच्या आधी परत काटा लावतील. मागच्या टायमाला लावलेला."

"मामा, ती पडेल तिकडे."

"पान्याची चूल भरून थुकू दे. पोटान जाऊ देऊ नको."

बहिणीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. साध्या पाण्याची चूळ भरली, बराच वेळ तोंडात धरून ठेवली आणि थुंकली. माझा संताप संताप झाला. आई म्हणाली, "गप बस, त्यानला कलतंय."

पहिले दोन सामने ती चांगली खेळली. पण दुपारी तिचे ओठ पांढरे पडले होते आणि मॅटवर उभी असताना ती सारखी पोटरी चोळत होती. फायनलची वेळ आली, फायनल सुरूही झाली. काटा काही कुणी लावला नाही. मामा म्हणाले, संपल्यावर लावतील.

चढाई करणारीला एका दमात "कबड्डी, कबड्डी" म्हणत राहावं लागतं. दम तुटला की बाद. कोरड पडलेल्या तोंडाने ते म्हणून पाहा. शेवटच्या चढाईत तिने दोघींना हात लावला, वळली, मध्यरेषा अगदी पुढ्यात होती. तिचे ओठ हलत होते, आवाज मात्र येत नव्हता. पंचांनी शिट्टी मारली. ती रेषेपाशीच खाली बसली, पायात गोळा आला होता. त्या दोघी हसत परत आपल्या जागेवर गेल्या.

संघाची नावं वाचली गेली. तिचं नव्हतं. मी तणतणत टेबलापाशी गेले आणि विचारलं, दुसऱ्यांदा वजन करणार होतात त्याचं काय झालं? तिथल्या माणसाला प्रश्नच कळेना.

"दुसऱ्यांदा? ताई, काटा सकाळीच परत पाठवला. भाड्याचा होता."

मी परत येऊन ते सगळ्यांसमोर सांगितलं. आईने बहिणीच्या हातात बाटली दिली. "पी गो बाय. आता कोन वजन करतंय?"

ती प्यायला लागली आणि थांबेचना. पाणी हनुवटीवरून जर्सीत उतरत होतं, आई हळू पी, हळू पी म्हणत होती. मला बघवेना. मग ती थांबली, श्वास घेतला आणि मामांना म्हणाली, "सकाली जाऊन नुसता इचारला असता तर?"

मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने तो धरून बाजूला केला.