रंध्यावरची हळद

पहिल्याच भेटीत मी त्याच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं.

तारापूरकडे तेव्हा वीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं. पासष्ट-सहासष्टचा सुमार असेल. मी एका ठेकेदाराकडे नवा स्टोअरकीपर, म्हणजे खिळ्यांचा राजा. भर दुपारी फळ्यांच्या चळतीपाशी एक सुतार पुढ्यात भाकरी-कालवण ठेवून, डोळे मिटून, मान खाली घालून बसलेला दिसला. कानामागची पेन्सिल काढून त्याने मांडीवर ठेवली होती. ओठ हलत होते. मला वाटलं, याला ऊन लागलं. धावलो आणि तांब्या उपडा केला.

त्याने पुटपुटणं पुरं केलं, ‘आमेन’ म्हणाला आणि मगच डोळे उघडले.

"पानी थंड हाय, साहेब. पन कालवनात जास्त झालं."

त्या दिवशी त्याला माझ्या डब्यातली आमटी मिळाली आणि मला एक मित्र. सगळे त्याला सुतारदादा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो.

तो मासवणचा. कधीकाळी वसईकडे एका चर्चच्या बाकांचं काम करायला गेला होता. बाक करता करता त्यांवर बसायलाही लागला, आणि नवरा-बायको ख्रिस्ती होऊन गावी परतले. गावाने काय करावं? भावांनी अंगणात कूड घातला. लग्नाकार्याचं बोलावणं बंद झालं. तो हे सांगायचा तेव्हा तक्रार नसायची. "कूड कच्चा घातला हो त्यांनी," एवढंच म्हणायचा. "मला बोलवलं असतं तर नीट बांधून दिला असता."

खोटं बोलणं हा त्याच्या अंगचा धर्मच नव्हता. एकदा फळी आखूड कापली गेली. मी सुचवलं, "लाकूड ओलं होतं म्हणून सांग."

"तसं नाय बोलवत, साहेब. मीच चुकलो."

हे ‘तसं नाय बोलवत’ मी त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं, की घरी बायको भाजी कशी झाली विचारायची तेव्हा माझ्याही तोंडात यायचं. पण मी सुतारदादा नव्हतो. मी "छान" म्हणायचो.

त्याच्या बायकोला छातीचा आजार होता. कामगाराच्या घरच्यांना साइटच्या दवाखान्यातून गोळ्या फुकट मिळत. दर शनिवारी तो गोळ्यांची पुडी खिशात घालून मासवणला जायचा, आणि वाटेत माझ्या दारात थांबायचा. माझी बायको चार लाडू नाहीतर थोडं तूप द्यायची. "वैनी, तिनं तुमाला आशीर्वाद सांगितलाय," असं सोमवारी न चुकता सांगायचा. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत.

मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी सगळी हत्यारं फळीवर मांडून पुजायची, ही साइटची रीत. करवती, रंधे, हातोड्या, त्यांना हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढे नारळ. आमचा मुकादम घाटावरचा, तापट माणूस. त्याने आधीच बजावलं, "ज्याचं हत्यार पूजेला न्हाई, त्यानं माज्या परांचीवर पाय ठेवायचा न्हाई."

सुतारदादा शांतपणे म्हणाला, "हत्याराला मी तेल देतो, धार देतो. हात जोडत नाय. ते हात एकाच ठिकानी जुळतात." आणि तो गोळ्या घेऊन गावी निघून गेला.

सुतारांच्या पेट्या स्टोअरमध्ये असत आणि किल्ल्या माझ्याकडे. तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? मला वाटलं, माणूस भला, बायको आजारी, नोकरी जायला नको. पूजेआधी मी त्याची पेटी उघडली, रंधा काढला आणि रांगेत ठेवून दिला. मुकादम खूश. नंतर मी रंधा पुसून परत ठेवला. पण जुन्या सागवानात मुरलेली हळद पुसून जाते होय?

दसऱ्यानंतर तो आला, पेटी उघडली, आणि रंधा हातात घेऊन उभाच राहिला.

"आलास न्हवं वाटेवर!" मुकादमाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "तुजा रंधा बघितला म्या पूजेत."

"मी नाय ठेवला, मुकादम."

"मंग काय उडत गेला?" सगळे हसले.

सुतारदादाने एकदाच माझ्याकडे बघितलं. मी खिळ्यांच्या डब्याकडे बघत होतो. तोंड उघडलं असतं तर एवढंच म्हणायचं होतं, की मी ठेवला. पण नवी नोकरी, दोन लेकरं, बिऱ्हाड नुकतंच लागलेलं. मी खिळे मोजत राहिलो.

"ज्यानं ठेवला त्यानं मायेनं ठेवला," तो म्हणाला. "नाव इचारू नका. पन मी नाय ठेवला."

मुकादमालाही त्याला घालवायचं नव्हतं. आवाज उतरवून म्हणाला, "आरं, ठेवला म्हन आन् लाग कामाला. एवढा एक शबुद."

त्या एका शब्दावर बायकोच्या गोळ्या होत्या.

"तसं नाय बोलवत," सुतारदादा म्हणाला. पेटी उचलली आणि गेला.

पुढच्या शनिवारी बायकोने दारात लाडूंचा डबा घेऊन वाट पाहिली. मी सांगितलं, त्याने काम सोडलं. तेही खोटंच.

मासवणला जायला मला पाच महिने लागले. अंतर फार नाही. मी गोळ्या विकत घेतल्या, पालघरवरून बस धरली, आणि सुतारदादाच्या घराला बाहेरून कडी पाहिली. कुडापलीकडची म्हातारी बाहेर आली.

"ती गेली हो, होलीच्या आदी. खांदा द्यायला कोन नाय आलं. भाव बोलले, आपल्या देवाच्या पाया पड, मग येताव. नाय पडला. सोताच तिची पेटी केली, सोताच गाडीत घातली, वसईच्या वाटेला नेली. मागारी नाय आला."

मग तिने आतून फडक्यात गुंडाळलेला रंधा आणला. "इस्टोरवाला साहेब येल, त्याला दे बोलला. पेटी झाली, आता कशाला लागतंय, बोलला."

"आणखी काही म्हणाला?"

"साहेबाचा पानी थंड व्हता, बोलला."

घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. ती रडली.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला घरात पूजा मांडली. मुलांच्या पाट्या, तिची विळी, माझी लेखणी. त्यांच्या शेजारी मी सुतारदादाचा रंधा ठेवला. डोळे भरून आले होते, खोटं नाही सांगत. चिमटीत हळद घेतली.

बायकोने रंधा उचलला, पदराने पुसला आणि पूजेपासून दूर, भिंतीवरच्या फळीवर ठेवून दिला.

"निदान या वेळी तरी," ती म्हणाली, "त्यांना विचारलंत का?"