गाळलेल्या दोन ओळी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही. वडिलांजवळ तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुमचा चेहरा मला दिसत नाही. शिवाय, कोण जाणे, तुमच्यापैकीच कुणी माझ्या त्या व्याख्यानाला टाळ्या वाजवल्या असतील.

ते व्याख्यान आधी सांगतो. मी वाशीमला एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. जिल्ह्यात माझं थोडंफार नाव आहे, आणि ते या एका व्याख्यानानं झालंय. विषय असतो, रॅपमधला हरवलेला अर्थ. सुरुवातीला मी जात्यावरच्या ओव्या म्हणतो. सभागृहातल्या बायका डोळे पुसतात. मग भारूड, मग पोवाडा. मग मी थांबतो, चष्मा काढतो आणि आजकालच्या पोरांसारखे हात उडवत रॅपची नक्कल करतो. मला ती छान जमते. लोक हसायला लागले की म्हणतो, आता एक अस्सल नमुना ऐका, एका विद्यार्थिनीनं लिहिलेला:

मले-तुले गेटाबाहीर, मला-तुला आत,
जिभेले इस्तरी मारून बसा वर्गात.
बाप कोन? दोस्त! दोस्त कोन? बाप!
शेंगा कोनाच्या? चूप! चूप! चूप!

आणि विचारतो — सांगा, अर्थ काय याचा? बाप दोस्त कसा? शेंगा कसल्या? सभागृह हसून हसून लोळतं. मी हळूच म्हणतो, हसू नका, ही शोकांतिका आहे. शब्द उरलेत, अर्थ गेलाय. टाळ्या.

तुम्हीही आत्ता हसलात का? हसला असाल तर दोष तुमचा नाही.

मुद्द्यावर यायला मला वेळ लागतोय. लागू द्या.

माझे वडील गवंडी. शेलूबाजारजवळच्या आमच्या गावात निम्म्या भिंतींचा गिलावा त्यांच्या हातचा. आणि ते गाणारे. जयंतीच्या दिवसांत त्यांची पार्टी गावोगाव जायची. पेटी, ढोलकी, मागे ओळ उचलून धरणारे झिलकरी दोघं. वडील ऐन वेळी ओळी जुळवायचे. ज्या गावात उभे असतील त्या गावातल्याच गोष्टी. इथल्या शाळेत पोरांना मागच्या दारानं का बसवता? इथला हापसा एकाच आळीत का? ढोलकीच्या ठेक्यावर, धडधड, एका दमात. ज्यांच्यावर ओळ असायची त्यांनाही मान खाली घालून ऐकावी लागायची. मी लहानपणी पहिल्या रांगेत बसून हे ऐकलंय. म्हणजे ठेक्यावर फेकलेल्या वाकड्यातिकड्या शब्दांत काय काय मावतं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. हे लक्षात असू द्या.

पुढे मी शिकलो. मोठ्या शहरात राहिलो. तिथं एकदा मी 'मले वाटते' म्हणालो आणि खोलीतली पोरं आठवडाभर तेवढंच म्हणत राहिली. तेव्हापासून मी जीभ घासायला घेतली. इतकी घासली की वाशीमला नोकरीवर रुजू झालो तेव्हा सहकारी म्हणाले, सर, तुम्ही इकडचे वाटतच नाही. मला ते आवडलं. फार आवडलं. त्याच ओघात कुणीतरी वडिलांबद्दल विचारलं आणि मी म्हणालो, मुख्याध्यापक होते, आता निवृत्त आहेत. कुणी दाबून विचारलं नव्हतं. खरं सांगितलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. तोंडातून गेलं, आणि मग ते तसंच राहिलं.

वर्गातही मी तसाच होतो. कुणी 'का सर'ऐवजी 'काहून सर' म्हणालं की मी त्याच सुरात 'काहून म्हणजे?' असं परत विचारायचो. वर्ग हसायचा. त्या वर्गात रोशनी होती. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरची. आईवडील दरसाल ऊसतोडीला जायचे, ही वसतिगृहात राहून शिकायची. घरी बंजाऱ्यांची गोरबोली, बाहेर वऱ्हाडी, वर्गात माझ्या धाकानं बळेच आणलेली पुस्तकी मराठी. एका पोरीच्या तोंडात तीन भाषा, आणि मी तिला भाषा शिकवत होतो.

थंडीचे दिवस होते. वडील डोळे दाखवायला वाशीमला आले होते. मला न कळवता कॉलेजवर आले. गेटवर त्यांना रोशनी भेटली. माहा पोरगा इथं मास्तर हाये, म्हणाले. तिनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि त्यांना आमच्या विभागापर्यंत आणलं. पिशवीत तुरीच्या हिरव्या शेंगा होत्या. मला उकडलेल्या शेंगा आवडतात म्हणून.

मी दारातच उभा होतो. सोबत आमच्या विभागाच्या मॅडम. वडिलांचं धोतर, डोळ्यात घातलेल्या औषधानं वाहणारं पाणी, चपलेवर उडालेला चुना. मॅडमनी अगदी सहज विचारलं, कोण आहेत हो सर?

मी म्हणालो, "गावाकडचे आहेत. वडिलांच्या ओळखीचे."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी मॅडमना हात जोडले आणि हसून म्हणाले, "हाव जी. यायच्या बापाचा दोस्त हाओ मी. जिगरी."

समजलं का तुम्हाला? त्यांनी मला सावरून घेतलं. माझं खोटं कच्चं होतं, त्यांनी त्याला गिलावा केला.

मॅडम म्हणाल्या, बसा ना काका, चहा सांगते. ते म्हणाले, नाई जी, गाडी चुकंल. आणि मला म्हणाले, "येतो मंग, सर." सर! रोशनी शेंगांची पिशवी धरून तिथंच उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, वडिलांच्या पाठीकडे बघत होती. मी तिच्या हातून पिशवी घेतली आणि तिला म्हणालो, तुझा तास नाही का आता?

इथवरचं जे आहे ते पाप माझ्या घरातलं. त्याची कबुली द्यायची तर वडिलांजवळ द्यावी. पण मी बसलोय दुसऱ्याच गोष्टीसाठी.

दीड-दोन महिन्यांनी गॅदरिंग आलं. पोरांच्या हट्टानं त्या वर्षी रॅपची स्पर्धा ठेवली होती आणि परीक्षक मी. आधी पोरं आली. काळी गाडी, सोन्याची चैन, दुश्मनाची जळते. यांच्यापैकी एकाच्याही घरी गाडी नव्हती. मग रोशनी आली. साधा पंजाबी ड्रेस, मागे मोबाइलवर लावलेला ठेका. पहिल्या दोन ओळींना पोरं शिट्ट्या मारत नाचायला लागली. आणि मग त्या ओळी आल्या. ज्या मी तुम्हाला वर सांगितल्या नाहीत. ज्या मी कुठंच सांगत नाही:

बाप आला गेटातून, बापाचा दोस्त झाला,
पोरगा उभा समोर, त्यानं 'हाव' म्हनू देला.

त्यानंतर — बाप कोन? दोस्त! दोस्त कोन? बाप!

आता वाचा परत. आहे का अर्थ?

मांडवात तो फक्त मला समजला. पोरांना ठेका हवा होता, मॅडम पाहुण्यांच्या चहात होत्या. मी मात्र पुन्हा पुन्हा मॅडमकडे बघत होतो, त्यांना कळलं की काय म्हणून. आणि तरी खरं सांगतो, त्या भीतीच्या खाली मला हेही कळत होतं की हे फार चांगलं आहे. वर्गात वर्षानुवर्षं कविता शिकवून एवढी नेमकी ओळ माझ्या एकाही विद्यार्थ्याकडून आली नव्हती. माझे वडील तिथं असते तर झिल धरली असती त्यांनी.

निकाल सांगायला मी माईक घेतला. मी गप्प राहू शकलो असतो. तिला नुसता नंबर दिला नसता तरी भागलं असतं. पण मला ती ओळ मारायची होती. मी म्हणालो, "एका मुलीनं काहीतरी म्हटलं. बापाचा दोस्त, शेंगा, चूप चूप. कुणाला काही कळलं का?" पोरं हसली. मी आणखी म्हणालो, "आजच्या रॅपची हीच गत आहे. तोंडाला येईल ते बोलायचं. अर्थ शोधायला गेलात तर टरफलं हाती लागतात." मांडव दणाणला. पहिला नंबर मी काळ्या गाडीवाल्याला दिला. म्हटलं, निदान यमक तरी जुळतं.

रोशनी खुर्च्यांच्या कडेला उभी होती. तीही हसत होती. सगळे आपल्यावर हसतात तेव्हा माणूस हसतो तसं.

दुसऱ्या दिवशी ती विभागात आली. मी एकटाच होतो. ती जोरात बोलणारी पोरगी, पण त्या दिवशी हलक्या आवाजात बोलली.

"सर, तुमाले राग आला का?"

"कशाचा?"

"ते तुमच्यावर नोतं लिहिलं, सर. म्हंजे... तुमच्यावरून सुचलं. पण ते माह्यावर हाये. माहे बाबा कारखान्यावरून आले होते, होस्टेलवर. मी पोरींना सांगतलं, आमच्या तांड्यावरचे कामवाले हायेत. बाबानं ऐकलं. मले वाटलं, तुमाले तरी समजंल."

यापुढचं लिहावंसं वाटत नाही. पण तेच तर सांगायचं आहे.

ती मला पकडायला आली नव्हती. माझ्याजवळ येऊन बसायला आली होती, जे दोघांनी केलं ते दोघांनी मिळून म्हणायला. तिच्यात ते मांडवासमोर उभं राहून म्हणायची छाती होती. मला फक्त 'समजलं' एवढं म्हणायचं होतं. दार बंद होतं, ऐकायला कुणी नव्हतं.

मी म्हणालो, "मला त्यात खरंच काही समजलं नाही, रोशनी. तू अभ्यासाकडे लक्ष दे."

तिनं मान हलवली. तिनं ते खरं मानलं. मास्तर होतो ना मी. कवितेत अर्थ आहे की नाही हे सांगण्याचाच मला पगार मिळतो.

त्यानंतर ती कधी स्टेजवर चढली नाही. पदवी घेतली आणि गेली.

माझं ते टरफलांचं वाक्य मात्र गाजलं. एका वर्तमानपत्रानं लेख मागितला, मग बोलावणी सुरू झाली. नमुना म्हणून मी तिच्याच ओळी घेतल्या. का? मला दुसरी हजार फालतू गाणी सापडली असती. पण याच ओळींवर लोक हसले की मला आतून मोकळं वाटायचं. जितके जास्त लोक हसतील तितकं ते दारातलं घडलंच नव्हतं असं वाटायचं. मधल्या दोन ओळी मी पहिल्याच व्याख्यानाला काढून टाकल्या. बसून, विचार करून. त्या ठेवल्या असत्या तर समोरच्या एखाद्या आजीबाईलाही अर्थ लागला असता. मग मी विचारणार काय होतो?

रॅपमध्ये अर्थ उरला नाही असं लोक म्हणतात. काहींत नसेलही. मला आता त्यावर बोलायचा अधिकार नाही. मला एवढंच ठाऊक आहे की एका रॅपमधला अर्थ मी माझ्या हातानं उपसून काढला आणि मग रिकामं भांडं गावोगाव दाखवत फिरलो.

वडील आहेत अजून. कॉलेजवर पुन्हा कधी आले नाहीत. एकदा फोनवर म्हणाले, "तू गान्यावर भाषन देतं म्हनतेत, बाबू. इकडंबी दे कधी. आयकाले येतो." शेलूबाजारच्या लोकांनी मला अनेकदा बोलावलं. मी दर वेळी टाळलं.

मागच्या महिन्यात मानोऱ्याला व्याख्यान होतं. वाशीमच्या स्टँडवर गाडीची वाट बघत होतो, तर कुणीतरी 'नमस्ते सर' म्हणालं. रोशनी. कडेवर लहान मुलगी. इथंच जिल्ह्यातल्या मालेगावला एका दवाखान्यात नोकरीला आहे म्हणाली. मुलीला सांगत होती, नमस्ते कर, हे माहे सर हायेत, लय मोठे हायेत. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. मी शोधला, नव्हता.

मी विचारलं, "लिहितेस का काही?"

"नाई सर," ती हसून म्हणाली. "ते लहानपनचं होतं. त्यात काही अर्थ नोता ना."

टोमणा नव्हता तो. माझ्याकडून शिकलेली गोष्ट ती मला परत सांगत होती. आत्ता, या फलाटावर, दोन शब्द पुरे होते. 'होता' आणि तिचं नाव. गाडी लागली. मी म्हणालो, चल, येतो, उशीर होतोय.

आणि मानोऱ्याला जाऊन मी तेच व्याख्यान दिलं. पुढच्या रांगांत तांड्यांवरून शिकायला येणाऱ्या मुली बसल्या होत्या. मी चष्मा काढला, हात उडवले, त्याच चार ओळी म्हटल्या. अर्थ काय, असं त्या मुलींना विचारलं. त्या हसल्या. मी शाल घेतली, नारळ घेतला, प्राचार्यांसोबत चहा घेतला.

परवा आणखी एका कॉलेजचं बोलावणं आलं. नाही म्हणालो. का, असं त्यांनी विचारलं. घसा बसलाय, असं सांगितलं.